वाढत्या अंगाची रायफल घेऊ नका: पोरांची पहिली एअर रायफल कशी निवडायची

आपल्याकडे पोरांसाठी काहीही घ्यायचं म्हणजे वाढत्या अंगाचं घ्यायचं. युनिफॉर्म एक साइज मोठा आणि खाली भरपूर दुमड ठेवून, रेनकोट घोट्यापर्यंत, बूट पुढे कापूस कोंबून, सायकल तर थेट मोठ्यांची, पाय पोचेपर्यंत नळीखालून पाय घालून मार पॅडल. मी असाच वाढलो, परळच्या आमच्या चाळीत सगळेच असे वाढले, कुणाचं काही अडलं नाही. त्यामुळे लेकीसाठी पहिली एअर रायफल घ्यायची वेळ आली तेव्हा डोक्यात दुसरा विचारच आला नाही, एकदाच काय तो मोठा खर्च करू, चांगली फुल साइज घेऊ, पुढची दहा वर्षं बघायला नको. घेतली. सेकंडहँड, जर्मन मेक, घरी आणून सामान मोजायच्या हुकवाल्या काट्याला लटकवली तर ४ किलो ८०० ग्रॅम. लेक तेव्हा ११ वर्षांची, वजन २९ किलो.

आता गंमत बघा. माझं वजन ७८. तिच्या अंगाला ती रायफल जेवढी जड तेवढी जड मला द्यायची तर ती जवळपास १३ किलोची लागेल. घरातल्या लाल सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो असतो, म्हणजे साधारण तेवढं वजन खांद्याला लावून उभं राहायचं, तेही न हलता, आणि वर १० मीटरवरचा अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका गाठायचा. हा हिशोब मी पैसे देण्याआधी करायला हवा होता, केला सहा महिन्यांनी, पोरीची कंबर दुखायला लागल्यावर.

आधीच सांगतो, मी कोच नाही, नेमबाज तर अजिबातच नाही, शूटिंग रेंजच्या बाहेर बाकड्यावर डबा घेऊन बसणारा बाप आहे. पण दोन वर्षं तिथे बसून जे ऐकलं, बघितलं आणि स्वतः पैसे घालवून शिकलो ते सगळं इथे लिहितोय, कारण दर महिन्याला कुणीतरी नवीन आईबाबा येतात आणि माझीच चूक करायच्या तयारीत असतात.

हे खूळ आमच्या घरात शिरलं कसं ते आधी. माझा मावसभाऊ विस्कॉन्सिनला असतो, आम्ही त्याला दादाच म्हणतो. त्याने फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला, १२ वर्षांचा पोरगा, हिरव्या-तपकिरी पट्ट्यांचे कपडे, एका हातात टर्कीचे पाय धरलेत, पक्षी पोराच्या कमरेपर्यंत येतोय. तिकडे एप्रिलमध्ये फक्त मुलांसाठी शिकारीचा एक वेगळा वीकेंडच असतो, सोबत मोठं माणूस लागतं. मावशीने लगेच खाली लिहिलं, अरे रामा हे काय, आणि माझी लेक म्हणाली बाबा मला पण बंदूक. इकडे शिकार हा विषयच नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो बंद झाला, आणि शॉटगनचं साधं लायसन्स २१ च्या आत मिळत नाही. राहिलं काय, तर १० मीटर एअर रायफल. मी दादाला फोन केला, म्हटलं तू पोरासाठी बंदूक कशी निवडलीस ते सांग. तो तासभर बोलला आणि मी त्यातलं काहीच मनावर घेतलं नाही, मला वाटलं त्याची शॉटगन वेगळी आपली एअर रायफल वेगळी. नंतर कळलं की सगळ्यात कामाचं तोच बोलला होता.

त्याचं म्हणणं असं. तिकडेही लोक पहिल्यांदा हीच चूक करतात, आजोबांची किंवा स्वतःची १२ बोअर पोराच्या हातात देतात. त्याने २० बोअर घेतली. हे बोअरचे आकडे उलटे चालतात बरं का, एक पौंड शिशाचे सारखे १२ गोळे केले तर एका गोळ्याची जेवढी जाडी ती १२ बोअर आणि २० गोळे केले तर ती २० बोअर, म्हणजे आकडा मोठा तशी नळी बारीक. आता २० बोअर हलकी असते म्हणून ती सोपी असं आपल्याला वाटतं, पण हलक्या बंदुकीत जड काडतूस घातलं की धक्का उलट जास्त बसतो, कारण तो धक्का खायला बंदुकीचं स्वतःचं वजनच नसतं. टर्कीची काडतुसं जडच. पोराला एकदा खांद्यात दणका बसला की पुढच्या वेळी घोडा ओढायच्या आधीच तो डोळे मिटतो आणि खांदा आकसतो, ही सवय मग जाता जात नाही. म्हणून सराव सगळा हलक्या काडतुसांवर, टर्कीचं जड काडतूस आधी कागदावर दोन-तीनदा मारून छर्रे कुठे किती पडतात ते बघण्यापुरतं आणि मग थेट पक्ष्यावर. हल्ली तिकडे टंगस्टनचे छर्रे मिळतात, शिशाची घनता ११.३ आणि त्यांची १८ च्या आसपास, त्यामुळे बारीक छर्रासुद्धा जोरात घुसतो आणि अगदी लहान पोरांना .४१० सारखी (हा आकडा गोळ्यांचा नाही, नळीच्या इंचातल्या व्यासाचा) नाजूक बंदूक दिली तरी पंचवीस-तीस यार्डांवर चालून जातं. आणि शेवटी म्हणाला, दांडा, म्हणजे बंदुकीचा खांद्याला लावायचा मागचा भाग, मापाचा घे, मोठ्यांच्या बंदुकीचा दांडा १४ इंचाच्या पुढे असतो, पोरांना १२-१३ लागतो, लांब दांडा असला की पोर मान पुढे ताणतं आणि बंदूक खांद्यावर न बसता दंडावर बसते.

यातला धक्का सोडला तर बाकी सगळं एअर रायफलला जसंच्या तसं लागू आहे. वजन, माप, डोळा, आणि पोराला घाबरवायचं नाही.

तर पहिली गोष्ट, आधी रायफल घेऊच नका. तीन-चार महिने क्लबच्या रायफलवर जाऊ द्या. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, शिवाय उपनगरांत, ठाण्यात, पनवेलकडे बऱ्याच छोट्या-मोठ्या १० मीटर रेंज झाल्यात, कुठे शाळेच्या हॉलमध्ये तर कुठे बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये. सुरुवातीला लागतं ते सगळं त्यांच्याकडे असतं. या महिन्यांत तुम्हाला दोन गोष्टी कळतात, पोराला खरंच आवड आहे का, आणि रायफल की पिस्तूल. हे दुसरं आईबाबांनी ठरवायचं नाही. २०२४ ला पॅरिसमध्ये मनू भाकरने एअर पिस्तूलमध्ये ब्राँझ घेतलं तेव्हा आमच्याकडे येणारी प्रत्येक मुलगी पिस्तूल मागायची, आणि त्याच आठवड्यात कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेला ब्राँझ मिळालं तर लोक येऊन स्वप्नीलची बंदूक द्या म्हणायला लागले. आनंद आहेच, खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या मेडलनंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिम्पिक मेडल बघायला ७२ वर्षं गेली. पण स्वप्नीलचा इव्हेंट ५० मीटरचा, पॉइंट टूटू (.२२ इंच) नळीतल्या खऱ्या गोळीचा, ते पोरांच्या पहिल्या दिवसाचं काम नाही आणि त्याला लायसन्सची भानगड आहे. त्याचा विचार नंतर.

पिस्तूल एका हाताने, हात पूर्ण लांब करून धरायचं असतं. मोठ्यांचं एअर पिस्तूल किलोच्या आसपास भरतं, कॉम्पॅक्ट मॉडेल त्याहून थोडं हलकं आणि आखूड. घरी एक लिटरची पाण्याची बाटली भरा आणि पोराला ती बाटली तोंडाजवळून एका हातात धरून, हात सरळ करून मिनिटभर उभं राहायला सांगा, मग तुम्हीही करून बघा, कळेल. पिस्तूलचा ट्रिगर ओढायला नियमानेच कमीत कमी ५०० ग्रॅमचा जोर लागावा लागतो, रायफलला तशी अट नाही, त्यामुळे बारीक बोटांच्या पोरांना रायफलचा ट्रिगर सोपा जातो. पिस्तूलमध्ये ग्रिपचा साइज हा सगळ्यात मोठा मुद्दा, एक्स्ट्रा स्मॉलपासून लार्जपर्यंत येतात, लाकडी ग्रिप कानशीने घासून आणि लाकडाची लांबी (पुट्टी) भरून हाताला बसवतात, पण मीडियम ग्रिप घासून स्मॉल होत नाही. पिस्तूलबद्दल मला एवढंच माहितीय, आमची रायफलवाली आहे, तेव्हा पुढे रायफल.

डोळा आधी बघा. हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. पोराला दोन्ही हात लांब करायला सांगा, तळवे बाहेर, अंगठे आणि बोटं जुळवून मध्ये छोटी खिडकी करायची, त्यातून समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघायचं, दोन्ही डोळे उघडे. आता एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने घड्याळ खिडकीतच राहतं तो मास्टर आय. आमची उजव्या हाताने जेवते, लिहिते, कॅरम खेळते, आणि डोळा निघाला डावा. तिच्या कोच मॅडमनी पहिल्या आठवड्यात दोन्ही खांद्यांवर मारून बघायला लावलं आणि शेवटी ती डाव्या खांद्यावर जास्त स्थिर वाटली. काही मुलं उजव्याच खांद्यावर राहतात आणि नेम न धरणाऱ्या डोळ्यासमोर पांढरी पट्टी लावतात, तेही चालतं, फक्त तो डोळा गच्च मिटून धरू द्यायचा नाही, दुसराही लगेच दमतो. ते कोचने ठरवायचं. पण रायफल घेताना हे माहीत पाहिजे, कारण मॅच रायफलची, म्हणजे स्पर्धेच्या रायफलची, लाकडी ग्रिप डावी-उजवी वेगळी असते. मी घेतली ती पक्की उजवी. सहा महिने पोरीने उजव्या ग्रिपवर डावा पंजा वळवून नेम धरलाय, आठवलं की अजून वाईट वाटतं.

म्हणून पहिल्या रायफलला दोन्ही हातांना चालणारी ग्रिप बघा. नवशिक्यांसाठी अशा येतात, हॅमर्लीची एआर ट्वेंटी क्लबांमध्ये दिसते, फाइनवेर्कबाऊची ५०० आहे, वाल्थर आणि आन्शुट्झ यांचीही ज्युनिअर मॉडेल आहेत. ज्युनिअर म्हणजे खेळणं नव्हे हे घरच्या आजोबांना समजावून सांगावं लागतं, नळी आणि यंत्रणा मोठ्या रायफलच्या जातीचीच असते, फक्त दांडा आखूड, हवेचा सिलिंडर छोटा आणि सगळं मिळून साडेतीन-चार किलोत बसतं. नियमात वरची मर्यादा साडेपाच किलोची आहे, खालची मर्यादा काहीच नाही, तेव्हा हलकी घेतली म्हणून कुणी स्पर्धेतून काढत नाही.

वजनाचं नक्की गणित मला कुणी दिलं नाही आणि मीही देत नाही, पण चाचणी सांगतो. रायफल पोराच्या हातात द्या, पोझिशनमध्ये उभं करा आणि समोरून नाही, बाजूने बघा. उभ्याच्या पोझिशनमध्ये पुढच्या हाताचं कोपर कमरेच्या हाडावर टेकतं आणि वजन हाडांवरून खाली पायात जातं, थोडं मागे वाकणं मोठे नेमबाजही करतात. पण पोर धनुष्यासारखं मागे गेलं, पोट पुढे, मान उलट पुढे, आणि पुढचं कोपर कमरेवर न राहता बरगडीवर सरकलं तर रायफल जड आहे, बास, विक्रेता काहीही म्हणो. दोन मिनिटं तसंच ठेवा, घड्याळ लावून. पहिल्या तीस सेकंदांत सगळी पोरं छान उभी राहतात, नवीन खेळण्याची ताकद असते ती. दीड मिनिटानंतर नळीचं टोक बघायचं. आमच्या त्या मोठ्या रायफलचं टोक दुसऱ्या मिनिटाला उसाच्या गाड्यावरच्या माशीसारखं फिरत होतं आणि मी तिला म्हणत होतो, अगं धर ना नीट.

मग माप. हात कोपरात काटकोनात वाकवायचा, कोपराच्या आतल्या खळीपासून ट्रिगरवरच्या बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत टेपने मोजायचं, साधारण तेवढं अंतर बटच्या, म्हणजे दांड्याच्या, मागच्या टोकापासून ट्रिगरपर्यंत हवं. हे सुरुवातीचं माप, शेवटचं कोच लावून देतात. आणि मोजताना शूटिंग जॅकेट घालून मोजा, ते जाड कॅनव्हास-लेदरचं असतं, तेवढ्याने फरक पडतो. दादाचंही हेच, तिकडे एप्रिलच्या थंडीत जाड जॅकेट असतं म्हणून टी-शर्टवर बसणारा दांडा सकाळी शेतात लांब होतो. मॅच रायफलला बटप्लेट मागे-पुढे वर-खाली होते आणि गाल टेकायचा चीकपीसही, पण प्रत्येक रायफलला एक सगळ्यात आखूड मर्यादा असतेच, तुमचं पोर त्या मर्यादेच्या आत बसतंय का एवढंच बघायचं. पूर्ण आत ढकलूनही लांब पडत असेल तर ती तुमची नाही. गालाचं सोपं आहे, पोराला डोळे मिटून गाल टेकवायला सांगा, आरामात, मग डोळे उघड म्हणा. डोळा मागच्या साइटच्या, म्हणजे नेम धरायच्या, भोकासमोर आपोआप आला पाहिजे. मान उचलावी किंवा दाबावी लागली तर चीकपीस हलवा, हलून हलून संपला तरी जमत नसेल तर परत तेच.

आता जे लोक म्हणतात एवढं कशाला, चौपाटीवर फुगे फोडायची असते तशी नळी मोडून, म्हणजे बिजागरीवर वाकवून, भरायची आठ-दहा हजारांत येते, तीच घेऊ. खरं सांगू का, ती वाईट नसते, आणि आपल्याकडे ओपन साइट, म्हणजे भोकाऐवजी उघड्या खाचेतून नेम धरायची, एअर रायफल हा वेगळा इव्हेंट पण आहे, बऱ्याच पोरांची सुरुवात तिथूनच होते. पण स्प्रिंगवाल्या बंदुकीत घोडा ओढला की आत पिस्टन पुढे धावतो आणि आपटतो, पेलेट, म्हणजे छोटी गोळी, नळीतून बाहेर पडेपर्यंत बंदूक आधी मागे मग पुढे असे दोन झटके देते, शिवाय प्रत्येक शॉटला नळी मोडून स्प्रिंग दाबायला जी ताकद लागते ती अकरा वर्षांच्या हातात नसते. चाळीस शॉटनंतर पोर नेम धरायला नाही, नळी मोडून दमलेलं असतं. आणि मोडताना नळी निसटली तर बोटं सापडतात, हे मी रेंजवर बघितलंय. हवेच्या सिलिंडरवाल्या मॅच रायफलला भरायला एका बोटाचं काम, झटका जवळजवळ नाही, आवाज पण नुसता टप्प. पैसे असतील किंवा क्लबची मिळत असेल तर सुरुवात हिच्यावर, नसतील तर क्लबच्याच रायफलवर अजून सहा महिने. नुसतं घरी काहीतरी असावं म्हणून स्प्रिंगवाली घेऊ नका.

सेकंडहँड घ्यायला हरकत नाही, नवीन मॅच रायफलची किंमत लाखाच्या वर सहज जाते, सेकंडहँडमध्ये बरंच वाचतं. पण सिलिंडर आधी बघा. रायफल नंतर. या सिलिंडरमध्ये २०० बारचा दाब असतो, गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन असतो त्यावरून अंदाज करा. त्यावर तारीख कोरलेली असते आणि बनल्यापासून दहा वर्षं झाली की तो वापरायचा नाही, स्पर्धेत तारीख उलटलेला सिलिंडर चालत नाही, ती जबाबदारी खेळाडूची धरतात. रायफल वीस-वीस वर्षं मस्त चालतात, सिलिंडर नाही, आणि नवीन सिलिंडर बाहेरून मागवायचा म्हणजे खर्च आणि वाट बघणं दोन्ही. विकणारा रायफलचं लाकूड पुसून चकाचक करून दाखवतो, ट्रिगर किती मुलायम ते दाखवतो, तारखेबद्दल बोलत नाही. ज्याच्याकडून मी घेतली तोही बोलला नाही आणि मीही विचारलं नाही. हवा भरायची ती क्लबमध्ये, कोरडी साधी हवा, आणि कुणी दवाखान्याच्या ऑक्सिजनच्या बाटल्यातून भरून देतो म्हणाला तर त्याच्या जवळपासही थांबू नका, दाबाखालचा ऑक्सिजन आणि आतलं ग्रीस मिळून स्फोट होतो.

बाकी सेकंडहँडमध्ये, काट्यावर वजन करा, पाच शॉट स्टँडला टेकवून कोचला मारायला लावा आणि भोकं एकात एक पडतात का बघा, साइटचे स्क्रू फिरवताना टिकटिक जाणवली पाहिजे, बिल मागा, आणि पोराला घेऊन जा. मी पोराला सरप्राइज द्यायचं म्हणून एकटा गेलो होतो.

पेलेटचा विषय छोटा आहे. साडेचार मिलिमीटर, पुढून चपटी, कागदाला पंचिंग मशीनसारखं गोल भोक पाडते. ५०० ची डबी येते. सरावाला स्वस्तातली, महागडी मॅच पेलेट पोर नव्वद टक्के शॉट टार्गेटच्या काळ्या गोलात टाकायला लागेपर्यंत घेऊ नका, फरक पेलेटचा नसतो. मात्र ती शिशाची असते. रेंजवरून बाहेर आलं की साबणाने हात, मगच खाणं. आमच्या रेंजखाली वडापाववाला आहे आणि पोरं तशीच धावतात, मी बाकड्यावर बसून ट्रॅफिक पोलिसासारखा सगळ्यांना बेसिनकडे वळवतो, दुसऱ्यांच्या पोरांनाही.

कायद्याचं, .१७७ बोअरची (हाही आकडा इंचाचा, म्हणजे तीच साडेचार मिलिमीटर) आणि २० ज्यूलच्या आतली एअर गन २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे लायसन्सशिवाय मिळते, १० मीटरच्या मॅच रायफलची ताकद आठेक ज्यूलच असते, त्यामुळे तो प्रश्न येत नाही. घ्यायची मोठ्या माणसाच्या नावावर, ओळखपत्र देऊन, बिल घेऊन. त्या बिलाची आणि क्लबच्या कार्डाची कॉपी बॅगेतच ठेवा. न्यायची ती बंद कडक केसमध्ये, वर कुठे रायफलचं चित्र-बित्र नको. सकाळी नऊच्या लोकलमध्ये केस घेऊन चढायचा प्रयत्न मी एकदा केलाय, दादरला उतरायचं होतं, करी रोडलाच उतरावं लागलं, आता शनिवार-रविवार जातो किंवा सरळ टॅक्सी.

आठ ज्यूल म्हणजे काहीच नाही असं मात्र समजू नका, डोळा जायला तेवढं पुष्कळ आहे. घरी फायर नाही म्हणजे नाही, पॅसेजमध्ये नाही, गच्चीवर नाही, कबुतरांवर तर विषयच नाही. नळी कायम टार्गेटकडे, बोट ट्रिगरच्या बाहेर, आणि रायफल खाली ठेवली की नळीतून आरपार भगवी दोरी, सेफ्टी फ्लॅग म्हणतात तिला. घरी करायचं ते होल्डिंग, म्हणजे सिलिंडर काढून, नळी रिकामी बघून, भिंतीवर काळा ठिपका चिकटवून नुसतं धरून उभं राहायचं, आणि तेव्हाही आपण खोलीत बसायचं. बाकी वेळ कपाटात, कुलूप, किल्ली आपल्याकडे. पाहुण्यांची पोरं आली की दाखव ना दाखव ना होतं, तिथे कडक राहा.

आणि मुंबईत राहून जून ते सप्टेंबरचं सांगितलं नाही तर काय सांगितलं. पहिल्या पावसाळ्यात आमच्या जॅकेटच्या लेदरवर बुरशीचा पांढरा थर चढला आणि साइटच्या दोन स्क्रूंना गंज. केसमध्ये सिलिका जेलच्या पिशव्या टाका, निळ्याच्या गुलाबी झाल्या की तव्यावर मंद आचेवर कोरड्या करायच्या, तवा वेगळा ठेवा नाहीतर बायको ओरडते. रायफल ओल्या केसमध्ये रात्रभर ठेवू नका, घरी आलं की पुसून, पंख्याखाली तासभर उघडी, मग आत. जॅकेट हँगरवर, प्लास्टिकमध्ये नाही. लाकडी ग्रिप फुगते, ज्युनिअर मॉडेल अॅल्युमिनियमचं असेल तर तो त्रास कमी.

जॅकेट-पँट-बूट पहिल्या वर्षी घेऊच नका असं आमच्या मॅडम म्हणतात, पोर त्यातून सहा महिन्यांत बाहेर येतं. इथे कुणी तरी वाढत्या अंगाचं सुचवेलच. नको. ढगळ जॅकेटचा काही उपयोग नसतो, त्यापेक्षा रेंजवरच्या मोठ्या मुलांची जुनी मिळतात ती बघा, आमच्याकडे एकच जॅकेट आतापर्यंत चार पोरांनी घातलंय, आतल्या बाजूला पेनने नावं आहेत चौघांची.

आम्ही शेवटी काय केलं ते राहिलं. आठ महिन्यांनी दुसरी रायफल घेतली, ज्युनिअर, दोन्ही हातांची ग्रिप, ३ किलो ७०० ग्रॅम, यावेळी लेकीला घेऊन गेलो, तिने तीन रायफली दोन-दोन मिनिटं धरल्या आणि तिसरी घेतली, मला दुसरी आवडली होती. ती मोठी जर्मन माळ्यावर आहे. मी विकली नाही, म्हटलं उंची वाढली की नवी डावी ग्रिप बसवून हीच चालेल. लेक आता १३ ची आहे, ३८ किलो, मॅडम म्हणाल्या अजून वर्षभर थांबा, पुढच्या दिवाळीनंतर एकदा मोजून बघू. परवा माळ्यावरून काढून पुसायला घेतली आणि चष्मा लावून पहिल्यांदा सिलिंडरवरची तारीख नीट वाचली. दहा वर्षं गणपतीच्या महिन्यातच पूर्ण होतायत.